फेडू न दिलेलं कर्ज

घणसोली गावात धनेश मढवीला कोणी वाईट म्हणत नाही. म्हणेलच कसं? अर्ध्या गावाच्या अडीअडचणीला धावून जाणारा माणूस. रबाळ्याच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, गावात स्वतःची बिल्डिंग, बिल्डिंगीत भाडोत्री, आणि तोंडात एकच वाक्य, "पैशाचं काय घेऊन बसलास, माणूस महत्त्वाचा." अशी माणसं तुमच्या-माझ्या गल्लीतही आहेत. आपण त्यांना दिलदार म्हणतो आणि त्यांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आपलाही फोटो आला की खूश होतो. मी त्याच दिलदारीची गोष्ट सांगायला बसलोय. सांगताना माझं डोकं फिरणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

धनेशचा एक भाडोत्री गंगाराम. मूळचा परभणीकडचा, इथे टेम्पो चालवून पोट भरणारा. मागे त्याची बायको बायजा अपेंडिक्स फुटून अत्यवस्थ झाली. दवाखान्याने आधी पैसे भरा म्हणून सांगितलं, आणि गंगारामच्या खिशात डिझेलपुरतेही नव्हते. धनेशने उभ्या उभ्या सगळी रक्कम भरली. बायजा वाचली. यात खोटं काही नाही. त्या दिवशी धनेश खरोखर देवासारखा धावून आला होता.

पुढे त्याने ते पैसे कधी मागितले नाहीत. मागायचा तो टेम्पो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून सळ्या आणायच्या आहेत, बोलवा गंगारामला. सासुरवाडीला फर्निचर पोचवायचं आहे, बोलवा गंगारामला. गणपती आणायचा, विसर्जनाला न्यायचा, गंगाराम आहेच. भाड्याचा प्रश्नच नव्हता. उपकार करणाऱ्याकडून भाडं कसं घेणार? बायजा रोज सकाळी मढव्यांच्या घरी भांडी घासायला जायची. तिला पगार किती ते कधी ठरलंच नव्हतं, त्यामुळे तो कधी द्यावाही लागला नाही.

मग धनेशने बिल्डिंगीवर आणखी एक मजला चढवला. खोल्या वाढल्या, पाणी होतं तेवढंच राहिलं. गावठाणात टाकीचा व्हॉल्व्ह मालकाच्या हातात असतो, तो फिरवेल तेव्हा पाणी. ज्याचं भाडं थकलं त्याची लाइन धनेश बंद करायचा, आणि विचारलं तर प्लंबर बोलावलाय म्हणून सांगायचा. शेवटी भाडोत्री एकत्र येऊन तक्रार द्यायला निघाले. धनेशने गंगारामला घरी बोलावलं, चहा पाजला आणि एक कागद पुढे केला. पाण्याबद्दल आमची काही तक्रार नाही, एवढंच त्यात होतं. गंगारामच्या घरात त्या दिवशी हंडा कोरडा होता. त्याने सही केली. तक्रार बारगळली आणि बिल्डिंगीतली माणसं गंगारामशी बोलेनाशी झाली. धनेश मात्र त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की तू आपला माणूस आहेस.

आता धनेशच्या नोकरीकडे येऊ. त्याच्या कारखान्यात पाण्याचे मीटर बनतात, पण साधे नव्हेत, टोकन मीटर. मोबाइलला रिचार्ज मारतो तसे या मीटरला आधी पैसे भरायचे, मग नळाला पाणी. पैसे संपले की झडप आपोआप बंद. हे मीटर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या देशाच्या राजधानीत बसवले होते. त्या देशाचं नाव मी घेत नाही. एकाचं घेतलं तर त्याच अवस्थेतल्या बाकीच्यांवर अन्याय होईल.

त्या देशाने पाणी योजनेसाठी एका बड्या परदेशी संस्थेकडून कर्ज घेतलं होतं. कर्जाच्या मागोमाग अटी आल्या. वस्त्यांमधले फुकटचे सार्वजनिक नळ काढून टाका. त्या जागी आधी पैसे भरायचे मीटर बसवा. मीटर आम्ही सांगू त्याच कंपनीचे घ्या. आणि कर्ज फिटेपर्यंत मीटरचं कंट्रोल तुमच्याकडे नाही, कंपनीकडे राहील. गंमत बघा. कर्ज त्या देशाच्या डोक्यावर, त्यातला मोठा वाटा रबाळ्याच्या याच कंपनीला, आणि त्या शहरातल्या गरिबांचा नळ चालू ठेवायचा की बंद, ते रबाळ्यात एसीत बसलेल्या धनेश मढवीच्या बोटावर! धनेशला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. स्क्रीनवर हिरवे ठिपके दिसायचे, तो ते बघत चहा प्यायचा.

रेहेमा नावाची त्या देशाच्या पाणी खात्यातली इंजिनिअर तेव्हा रबाळ्यात आली होती. शांत, कमी बोलणारी बाई. ती ते कंट्रोल ताब्यात घ्यायला आली होती. त्या वर्षी त्यांच्याकडच्या तांब्याला चांगला भाव मिळाला होता, आणि सरकारने ठरवलं होतं की पाण्याचं कर्ज मुदतीआधी एकरकमी फेडून मोकळं व्हायचं. पैसे तयार होते. फक्त कर्ज देणाऱ्या संस्थेचा होकार यायचा होता. तोवर रेहेमा सगळं काम शिकून घेत होती. होकार काही येत नव्हता.

बाई परक्या मुलखात एकटी राहते, गेस्ट हाउसचं बेचव खाते, म्हणून धनेशने एका रविवारी तिला घरी जेवायला आणलं. त्याची बायको सुचिता हिने तांदळाच्या भाकऱ्या, कोलंबीचं कालवण आणि तळलेले बोंबील केले होते. धनेशच्या आईला, सुमित्राबाईंना, इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, तरी त्या रेहेमाच्या शेजारी बसून तिच्या ताटात वाढत राहिल्या. रेहेमाने फोनवर आपल्या आईचा फोटो दाखवला. डोक्याला फडकं बांधलेली, दात पडलेली हसरी म्हातारी. सुमित्राबाईंनी फोटोवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. रेहेमाला ते न सांगता कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात गंगाराम दारात उभा राहिला. हातात पाकीट होतं.

"शेठ, भिशी लागली. तुमचे पैसे आणलेत. सगळे आहेत."

धनेशने त्याच्याकडे बघून हात हलवला. "अरे, जेवणाच्या वेळी पैसे काय काढतोस? ठेव तुझ्याकडं. मी मागितले का कधी?"

"घेतले असते तर बरं झालं असतं, शेठ."

"काय घाई आहे? पळून चाललास का कुठं? जा, बायजाला साडी घे. आणि हां, उद्या कळंबोलीला जायचंय, सळ्या भरायच्यात. लवकर ये."

गंगारामने पाकीट पुन्हा खिशात घातलं आणि तो जिना उतरून गेला. आत मोरीवर बायजा भांडी घासत होती. तिचा हात थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

रेहेमाने काय झालं ते विचारलं. धनेशने मोठ्या अभिमानाने सांगितलं. दवाखाना, पैसे, आणि आपण ते एकदाही मागितले नाहीत. तिने विचारलं, हा माणूस तुमची कोणकोणती कामं करतो? धनेशने तीही सांगितली, टेम्पोची, सळ्यांची, बायजाच्या भांड्यांची. सहीचंही सांगितलं, हसत हसत, आपल्या हुशारीचा किस्सा म्हणून. रेहेमाने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आज तुम्ही पैसे घेतले असते, तर तो उद्या कळंबोलीला गेला असता?"

"गेला असता की. फक्त भाडं घेतलं असतं," धनेश म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तरावर जरा अडखळला.

"मग तुम्ही त्याला पैसे दिलेत, की त्याला विकत घेतलंत?"

धनेशला राग आला. आपल्या घरात, आपलं अन्न खाऊन ही बाई आपल्याला शिकवते! तो म्हणाला की आमच्याकडे याला माणुसकी म्हणतात मॅडम, त्याची बायको मरत होती. रेहेमाचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, तिला वाचवलंत ते चांगलंच केलंत. बुडणाऱ्याला हात द्यायलाच हवा. पण तो काठावर आला की हात सोडायचा असतो. मग तिने आपल्या देशाचं सांगितलं. जगातले देश एकत्र बसून मतं देतात तेव्हा आमचा प्रतिनिधी हात वर करण्याआधी कर्ज देणाऱ्यांच्या खुर्चीकडे बघतो. आमच्या औषधांवर किती खर्च करायचा, मास्तरांना पगार किती द्यायचा, हे आमच्या संसदेआधी त्यांना विचारावं लागतं. आम्ही पैसे घेऊन दारात उभे आहोत. ते म्हणतात, घाई काय आहे, उलट नवीन कर्ज घ्या. त्यांना आमचे पैसे नकोत. त्यांना आमचं बंदर हवंय, आमच्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत.

ती गेल्यावर धनेश सुचिताला म्हणाला की शिकलेल्या बायकांना घरी बोलवायची सोय नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत संस्थेचं लेखी उत्तर आलं. मुदतीआधी कर्ज फेडायची तरतूद करारात नाही. त्याऐवजी नवीन कर्ज मंजूर करतो, त्याला तारण म्हणून बंदर द्या. रेहेमाच्या सरकारने कधी नव्हे ती हिंमत केली आणि नवीन कर्ज नको, बंदर देणार नाही, असं कळवलं. तिकडच्या वस्त्यांमध्ये लोक नाचले म्हणे. रेहेमा कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजत होती, कंट्रोल मिळत नाही तर इथलं माझं काम संपलं, आता मला घरी जायला मिळणार म्हणत होती.

त्याच दुपारी कंपनीचे डायरेक्टर रणजीत सरांनी धनेशला केबिनमध्ये बोलावलं. सर खुशीत होते. ते म्हणाले की टोकन मीटरच्या सगळ्या वस्त्यांमध्ये मेन्टेनन्ससाठी पाणी बंद ठेवायचंय. किती वेळ, ते वरून फोन येईल तेव्हा कळेल.

"सर, मेन्टेनन्स कसला? सगळं नीट चालू आहे. आणि तिकडे आता कडक उन्हाळा आहे."

"धनेश, आपण कोण? आपण प्लंबर. मालक म्हणतो व्हॉल्व्ह बंद कर, आपण करतो. मालकाचं भाडोत्र्याशी काय भांडण आहे, ते प्लंबर विचारतो का?"

धनेशला हे वाक्य कळायला वेळ लागला नाही. ही भाषा त्याचीच होती.

तो कंट्रोल रूममध्ये आला तेव्हा रेहेमा त्याच्या खुर्चीपाशी उभी होती. बातमी तिला तिच्या खात्याकडून आधीच कळली होती. ती हात जोडून उभी होती, आणि हात जोडायचे असतात हे ती आपल्याकडेच येऊन शिकली होती. सरकारी दवाखाना याच लाइनवर आहे, ती म्हणाली. माझी आई याच लाइनवर आहे. तुमच्या आईने जिची दृष्ट काढली ती.

"मी नाही केलं तर दुसरा कोणीतरी करेल," धनेश म्हणाला.

"मग दुसऱ्याला करू दे."

एवढंच करायचं होतं त्याला. उठून बाहेर जायचं. पण त्याला प्रमोशन दिसलं, मुलीची मेडिकलची फी दिसली, गावात मिरवायचा हुद्दा दिसला, आणि नोकरी गेली तर लोक काय म्हणतील हेही दिसलं. कायद्याने आपण काही चूक करत नाही, असं तो स्वतःला सांगत होता. त्याने पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं. वाचकहो, त्याने ते दाबलं! हिरवे ठिपके एकेक करत लाल होत गेले, आणि रेहेमा शेवटचा ठिपका लाल होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

त्या शहराच्या टेकडीवर मंत्री, वकील आणि परदेशी साहेब राहतात. तिथे टोकन मीटर नव्हतेच, त्यामुळे तिथल्या बागांना पाणी चालू होतं. पाणी गेलं ते खालच्या वस्त्यांचं. बायका कारखान्यांच्या मागच्या दलदलीत खड्डे खणून गढूळ पाणी भरायला लागल्या. मग जुलाब, उलट्या, आणि दवाखान्यात हात धुवायलाही पाणी नाही. रेहेमाचं कंट्रोल रूमचं कार्ड रणजीत सरांनी काढून घेतलं होतं. ती रोज कारखान्याच्या लॉबीत येऊन बसायची, कानाला फोन लावून. धनेश तिला टाळण्यासाठी मागच्या गेटने ये-जा करायला लागला. एके दिवशी मागचं गेट बंद होतं म्हणून तो लॉबीतून जात असताना तिने फोन खाली ठेवला आणि त्याला सांगितलं, "माझी आई गेली." तिने शिवी दिली नाही, ओरडली नाही. धनेशने सॉरी म्हटलं. मॅडम, माझ्या हातात काही नव्हतं, असंही म्हटलं. निर्लज्जपणाला काही सीमा असते की नाही?

तिला आईच्या मातीलाही जाता आलं नाही. तिच्या सरकारने तिला रबाळ्यातच थांबायला सांगितलं होतं. सरकार वाकलं होतं. बंदर द्यायचं ठरलं होतं, नवीन कर्ज घ्यायचं ठरलं होतं, त्या कर्जातून आणखी मीटर घ्यायचे होते आणि त्या करारावर सही करायला त्यांचे मंत्री स्वतः रबाळ्याला येणार होते.

समारंभ कंपनीच्या हॉलमध्ये झाला. दाराला झेंडूच्या माळा, स्टेजवर समई, पाहुण्यांना शाल आणि श्रीफळ. रेहेमालाही शाल पांघरली. कर्ज देणाऱ्यांचा प्रतिनिधी पेढा खाऊन व्हेरी नाइस म्हणाला. करार होण्याआधी त्या देशाच्या पाणी खात्याचं निवेदन वाचून दाखवायची अट होती, आणि ते वाचायचं काम रेहेमाला दिलं होतं. ती माइकसमोर आली. कागदावर फार काही नव्हतं. तिने सरळ आवाजात वाचलं.

"पाणीपुरवठ्याबद्दल आमच्या खात्याची काहीही तक्रार नाही."

टाळ्या पडल्या. हे वाक्य धनेशने स्वतः लिहिलं होतं, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या माणसासाठी, आणि वर चहा पाजला होता. तो उठून उभा राहिला. आपण उठलोय हे त्याला टाळ्या थांबल्यावर कळलं.

"हे खोटं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "मेन्टेनन्स वगैरे काही नव्हतं. पाणी मी बंद केलं. मला बंद करायला सांगितलं होतं. माणसं मेली त्यात."

आता काहीतरी होईल, असं त्याला वाटलं. पत्रकार उठतील, मंत्री चिडून करार फाडतील. वृद्ध मंत्र्यांनी चष्मा काढला, पुसला आणि त्याच्याकडे अगदी सौम्यपणे बघितलं.

"खाली बसा," ते म्हणाले. "आम्हाला ठाऊक आहे. म्हणून तर सही करायला आलोय."

आणि त्यांनी सही केली. फोटो निघाले. रेहेमा फोटोत आहे, शाल पांघरून, मंत्र्यांच्या मागे. धनेश फोटोत नाही, कारण तोवर सिक्युरिटीने त्याचं कार्ड काढून घेऊन त्याला गेटबाहेर सोडलं होतं.

तो घरी आला तेव्हा सुमित्राबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. नोकरी गेल्याचं त्याने सांगितलं.

"त्या पोरीची आय कशी हाय?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"कशानं?"

"घाण पाणी पिऊन. चांगलं पाणी बंद केलं होतं."

"कुनी?"

धनेश खाली बघत राहिला. सुमित्राबाईंनी लसणाचं सूप बाजूला सरकवलं. त्या बोलायला लागल्या तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

"माझा बापूस मिठागरावं कामाला होता. पावसाल्यात घरान दाना नसायचा, तवा मालक उचल द्यायचा. ती उचल कवा फिटलीच नाय. एक वर्सी मीठ चांगला पिकला. बापूस पैसं घेऊन गेला, मालकाला म्हनला, घे तुझी उचल, माना मोकला कर. मालक हसला. म्हनला, तुझ्याकडं मागितलं कुनी? ऱ्हाऊ दे, पोरीच्या लग्नाला होतील. माझी आय म्हनली, मालक देवमानूस हाय. बापूस रडत म्हनला, त्याला पैसं नको गो, त्याला मी पायजे." त्या थांबल्या. "त्या मालकाचा तोंड मी इसरून गेलती. त्या रयवारी गंगाराम पैसं घेऊन आलता ना, तवा माना परत दिसला. माझ्याच घरान दिसला."

धनेश ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडला. सुमित्राबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला नाही. रडून झाल्यावर तो उठला आणि बिल्डिंगीच्या मागच्या जिन्याने गंगारामच्या खोलीवर गेला. तिथे तो याआधी कधी गेला नव्हता. काम असलं की खालून हाक मारायचा.

"गंगाराम, ते पैसे दे."

त्याच्या मनात चांगलंच होतं. पैसे घ्यायचे, हिशोब संपवायचा, माणूस मोकळा करायचा. पण गंगारामचं तोंड पांढरंफटक पडलं. बायजा आतून धावत आली आणि तिने धनेशचे पायच धरले.

"शेठ, आमचं काय चुकलं? खोली खाली करायला लावू नका. भांड्याला मी दोन्ही टायमाला येत जाईन."

गंगाराम हात जोडून सांगत होता की तुम्ही घेतले नाहीत म्हणून त्या पैशांचे टेम्पोला टायर घातले, सळ्या वाहून वाहून जुने फाटले होते, थोडी मुदत द्या, कुठूनही आणून देतो. धनेश दारातच उभा होता. ज्याने कधी पैसे मागितले नाहीत त्याने आज मागितले, आणि या दोन माणसांना ती शिक्षा वाटली. आपण इतकी वर्षं या घरात काय पेरलं, ते त्याला त्या दारात उगवलेलं दिसलं.

त्याने बायजाला उठवलं. तो म्हणाला की पैसे नकोत, कर्ज कधीच फिटलंय. तुझ्या टेम्पोच्या खेपा आणि बायजाची भांडी धरली तर उलट मीच तुमचं देणं लागतो, आणि ते मी देणार आहे. त्याने गॅलरीत येऊन सगळ्या भाडोत्र्यांना बोलावलं, त्या कागदावर गंगारामची सही आपण दबाव टाकून घेतली होती, असं सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि व्हॉल्व्हच्या पेटीची चावी त्यांच्या हातात दिली. काही जणांनी मान डोलावली. एकाने पुटपुटून विचारलं की निवडणूक लढवायचीय का शेठला. बोलणारच माणसं, का बोलणार नाहीत?

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश खाली उतरला, तर गंगाराम दारात टेम्पो लावून उभा. काच पुसलेली, नंबर प्लेट पुसलेली.

"शेठ, कुठं जायचंय?"

"कुठं नाही. तुला सांगितलं ना, सगळं फिटलं म्हणून."

"सांगितलंत ना, शेठ," गंगाराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "एवढी मोठी रक्कम तुम्ही सोडून दिलीत. आता हे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू? तुम्ही सांगाल तिथं येतो."

धनेशने त्याला पुन्हा समजावलं. त्याच्या शेजारी पायरीवर बसून समजावलं, की यात उपकार नाहीत, हा तुझाच हिशोब आहे. गंगाराम हो शेठ, हो शेठ म्हणत राहिला आणि टेम्पोचं दार त्याने उघडं धरून ठेवलं होतं.

रेहेमा परत गेली. रबाळ्याच्या त्या खुर्चीत आता दुसरा माणूस बसतो, ठिपके हिरवे आहेत, आणि बंदरावर नवीन पाट्या लागल्या आहेत. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. एका धनेशला लाज वाटली म्हणून जग बदलत नाही, आणि लाज वाटली तीही एक म्हातारी मेल्यावर. पण नागरिक म्हणून एवढं तरी आपण शिकायला हवं. अडलेल्याला जरूर द्या. तो परत करायला आला की परत घ्या, आणि त्याच्यापुढे मान खाली घालून घ्या. पैशाच्या बदल्यात त्याचा वेळ, त्याची सही, त्याचं मत, त्याचं पाणी मागू नका. आणि अमुक देशाने तमुक गरीब देशाला मदत केली, अशी बातमी वाचून टाळ्या वाजवायच्या आधी विचारा, बदल्यात काय घेतलं? आता तर आपल्याकडच्या कंपन्याही देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन बसल्या आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल, आपल्या ऑफिसात आणि आपल्या ओट्यावर. कर्ज एका सहीने माफ होतं. वाकवून ठेवलेला माणूस सहीने सरळ होत नाही. गंगाराम अजूनही रोज सकाळी विचारतो, "शेठ, कुठं जायचंय?"